शिंपला आणि उपल

ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागात, ओसाड माळरानावर, कूबर पेडी व व्हाइट क्लिफ्स या नावांची खाणींची गावे आहेत. तेथील जमिनीतून ओपल नावाचे रत्न निघते, आणि त्या रत्नाबरोबर कधी कधी एक असा पदार्थ हाती लागतो की त्यास काय म्हणावे, हा प्रश्न विचारी मनुष्यास पडल्यावाचून राहू नये. तो पदार्थ म्हणजे शिंपला. आकाराने तो सर्वांशी शिंपलाच असतो. पाठीवरच्या कंगोऱ्यांच्या ओळी, वर्षावर्षाला वाढत गेलेल्या कडेच्या रेषा, दोन झडपा जेथे एकमेकींत अडकतात तेथील खाच, सारे जागच्या जागी. परंतु शिंपला ज्या चुनखडी द्रव्याचा घडलेला असतो त्या द्रव्याचा कणही त्यात उरलेला नसतो. सगळा शिंपला रत्नाचा झालेला असतो. उजेडात किंचित फिरविला की त्यावरून हिरवी, निळी, तांबूस झाक सरकत जाते. जो जीव त्यात राहत होता तो गेला, ज्या द्रव्याने त्याने घर बांधले तेही गेले, आणि घर मात्र उभे आहे. मग हा शिंपला म्हणावयाचा, की शिंपल्याच्या आकाराचा दगड?

वरवर पाहता हा वाद शब्दांचा दिसतो. माझ्या मते तो शब्दांचा नाही. किंबहुना आपल्या रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना तो आज अगदी प्रत्यक्ष भेडसावीत आहे. तेथवर जाण्यापूर्वी मात्र हे रूपांतर घडते कसे ते नीट पाहिले पाहिजे. कारण माझे सगळे म्हणणे त्या 'कसे' या शब्दावर उभे आहे.

ओपल हा शब्द युरोपीय भाषांत लॅटिनमधून आला, आणि लॅटिनचे मूळ आपल्या संस्कृत 'उपल' शब्दात असावे, असे पुष्कळ कोशकारांचे मत आहे. उपल म्हणजे दगड, किंवा मोलाचा खडा. परदेश हिंडून परत आलेल्या या शब्दास त्याच्या माहेरच्या नावाने हाक मारण्यास हरकत नसावी. उपल व गारगोटी ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने भावंडे होत. दोहोंचे द्रव्य सिलिका. गारगोटीत सिलिकेचे अणू शिस्तीने रांगा धरून बसतात, म्हणून तिला स्फटिकरूप येते. उपलात ती शिस्त नसते, आणि शिवाय त्याच्या पोटात पाणी कोंडलेले असते. सामान्यतः वजनाच्या शेकडा ३ पासून १० पर्यंत. रंगांचे कोडे १९६४ च्या सुमारास सँडर्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने उकलले. उत्तम उपलात सिलिकेच्या अतिसूक्ष्म गोळ्या एकावर एक, बाजारात संत्री रचून ठेवावीत तशा, रचलेल्या असतात. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतील दीड ते तीन भाग एवढाच एकेकीचा व्यास. या रचनेतून प्रकाश फुटून निघतो व रंग दिसतात. रंगद्रव्य असे त्यात काहीच नसते. रचना बिघडली की रंग गेले. मग तोच पदार्थ दुधासारखा पांढुरका, सामान्य उपल म्हणून पडून राहतो.

आता शिंपल्याकडे वळू. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या त्या माळावर उथळ समुद्र होता. शिंपले मेले, गाळात रुतले, गाळावर गाळ बसला. पुढे समुद्र हटला, हवामान बदलले, वरचे खडक पाऊस-वाऱ्याने झिजू लागले. झिजणाऱ्या खडकांतून सिलिका सुटी होऊन भूगर्भातील पाण्यात उतरली. ते पाणी आम्लधर्मी झाले की चुना त्यात विरघळतो, परंतु सिलिका फारशी विरघळत नाही. एकाचे जाणे व दुसऱ्याचे येणे ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच पाण्याने होऊ शकतात.

येथे मात्र दोन वाटा फुटतात, आणि वाचकांनी या फाट्यापाशी थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. पहिल्या वाटेत शिंपला आधी पूर्णपणे विरघळून जातो. भोवतालचा गाळ तोवर घट्ट झालेला असतो, म्हणून शिंपल्याच्या जागी त्याच्या आकाराची पोकळी राहते. मग पुढे केव्हातरी, कदाचित लक्षावधी वर्षांनी, सिलिकायुक्त पाणी त्या पोकळीत झिरपते व तेथे उपल साचतो. सोनार साच्यात रस ओततो तसाच हा प्रकार. बाहेरचा आकार हुबेहूब उतरतो. पण फोडून पाहिले तर आत शिंपल्याची काहीच खूण नाही, एकजिनसी उपल. दुसऱ्या वाटेत जुने द्रव्य अद्याप जागेवर असतानाच नवे येऊ लागते. एक कण सुटतो, त्याच्या जागी दुसरा बसतो. आणि बसतो तेव्हा शेजारचे जुने कण अजून तेथे असतात, तेच त्याला त्याची जागा दाखवितात. अशा रीतीने सगळे द्रव्य पालटले तरी आतले थर, थरांमधल्या रेषा, क्वचित सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी वीणसुद्धा टिकून राहते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही शिंपले सारखेच. भेद फोडल्यावर कळतो. ऑस्ट्रेलियात पहिल्या जातीचे अधिक सापडतात, दुसऱ्या जातीचे थोडे.

जवाहिऱ्याला अर्थातच या भेदाशी कर्तव्य नाही. त्याच्या लेखी शिंपल्याचे कंगोरे हा खड्यातील दोषच. ते घासून काढले की अंगठीत बसवावयाचा खडा तयार. असे किती शिंपले आणि किती प्राण्यांची हाडे घासली गेली असतील याची गणती नाही. कूबर पेडी येथे १९८७ साली एका जलचर सरीसृपाचा उपलरूप झालेला सांगाडा सापडला; तो खड्यांसाठी फोडला जाऊ नये म्हणून लोकांनी वर्गणी जमविली, आणि आता तो सिडनीच्या संग्रहालयात आहे. शाळेतल्या मुलांनीही त्या वर्गणीत पैसे घातले म्हणतात. मला ही हकीकत फार आवडते.

आपल्या महाड-पोलादपुराकडे समुद्रातला शिंपला दगडात शोधू गेल्यास सापडावयाचा नाही. हा प्रदेश अग्नीतून जन्मला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा उसळून थरांवर थर साचले, त्यांचाच हा काळा कातळ. मात्र उपलाचे गोत्र येथे जागोजाग भेटते. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, आणि मागाहून झिरपलेल्या पाण्याने त्यांत गारगोटी, अकीक व त्यांच्या जातीचे इतर पांढरे-करडे खडे भरले. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात हे पांढरे ठिपके कोणासही दिसतील. ही पहिल्या वाटेची, म्हणजे पोकळी भरण्याची रीत.

कवचांचे रूपांतर पाहावयाचे तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, नागपुरास जावे लागते. लाव्ह्याचे दोन पूर येऊन गेले त्यांच्या मधल्या शांततेच्या काळात त्या बाजूस तळी व डबकी होती, आणि त्यांत गोड्या पाण्यातील गोगलगायी सुखाने नांदत होत्या. पुढचा पूर आला व त्यांना झाकून गेला. नागपूरजवळच्या टाकळी वगैरे ठिकाणी त्यांचे शंख चकमकीच्या जातीच्या सिलिकामय दगडात सापडतात. कित्येक शंखांचे मूळ द्रव्यही सिलिकेने पालटलेले असते. हे प्रथम नीट अभ्यासिले ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. त्याने हंटर या आपल्या सहकाऱ्याबरोबर १८५५ मध्ये नागपूरच्या परिसरातील भूस्तरांवर लंडनच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हा सज्जन ओढ्यात वाहून गेला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. त्या शंखांत ऑस्ट्रेलियन उपलाची झळाळी नाही, हे कबूल. पण तत्त्व तेच.

शंख राहिला आणि द्रव्य गेले, याच्या नेमके उलट उदाहरण कोकणात घरोघर होते. समुद्रकाठचे शिंपले गोळा करून भट्टीत भाजीत, त्याची कळी विरवीत, ती घाणीत मळीत, व त्या चुन्याने भिंती बांधीत. यातील रसायन मोठे मौजेचे आहे. भाजताना शिंपल्यातील कर्बवायू निघून जातो. चुना भिंतीत बसल्यावर तो हवेतून तोच वायू सावकाश परत शोषून घेतो. आणि काही काळाने भिंतीच्या सांध्यात रसायनदृष्ट्या पुन्हा तेच द्रव्य तयार होते जे शिंपल्यात होते. द्रव्य तंतोतंत परत आले. तरीही त्या भिंतीकडे बोट दाखवून 'हा शिंपला' असे कोणी म्हणणार नाही. यावरून निदान एक गोष्ट ठरते. वस्तूचे वस्तूपण द्रव्यात नाही. भिंतीत शिंपल्याचे सारे द्रव्य आहे व शिंपला नाही. उपलात द्रव्य अणुमात्र नाही, आणि शिंपला आहे असे म्हणावयास जीभ निदान उचलते तरी.

हा वाद जुना आहे. ग्रीक लोकांत थिसिअसच्या जहाजाची कथा प्रसिद्ध आहे. अथेन्सचे लोक त्या वीराचे जहाज जपून ठेवीत, एकेक फळी कुजली की नवी बसवीत. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच का, यावर तत्त्वज्ञांचे वाद झाले असे प्लुटार्क सांगतो. पुढे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने त्यात आणखी एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे पुन्हा जहाज बांधले तर खरे कोणते? आपल्याकडे हा प्रश्न बौद्धांनी अधिक जिव्हाळ्याने हाताळला. मिलिंद या यवन राजास भिक्षु नागसेन विचारतो की, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत व शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच का? एक नव्हे, आणि दुसरीही नव्हे. एकीच्या आधाराने दुसरी पेटत जाते. महाडजवळ गांधारपाल्याच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. तेथे पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंनी या प्रश्नावर विचार केला असल्यास नवल नाही. त्यांच्या पंथाचा तो मुळातलाच प्रश्न. गीतेतील जुन्या वस्त्रांचा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. तेथे नेसणारा तोच राहतो आणि वस्त्रे पालटतात. आमच्या शिंपल्यात सगळे उलटे! नेसणारा केव्हाच गेला, वस्त्राचे सूतही गेले, आणि वस्त्राची घडी मात्र मोडलेली नाही.

नागसेनाचे उत्तर मला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात 'आधाराने' ही कल्पना आहे. शिंपल्याच्या दोन वाटांतील भेदही तोच. दुसऱ्या वाटेच्या शिंपल्यात प्रत्येक नवा कण जुन्याच्या आधाराने बसला. जुने आणि नवे काही काळ एकत्र होते. पहिल्या वाटेत मध्ये रिकामा काळ गेला. नव्याने जुन्यास पाहिलेच नाही. त्याने केवळ भोवतालच्या गाळाची साक्ष मानली. आणि गाळाला शिंपल्याची बाहेरची बाजू तेवढी ठाऊक असते. म्हणून मी म्हणतो की, द्रव्य तेच आहे का हे विचारण्यात अर्थ नाही, आकार तोच आहे का हे विचारणे पुरेसे नाही. नवे आले तेव्हा जुने जागेवर होते का, हे विचारले पाहिजे. आपले शरीर तरी दुसरे काय आहे? त्यातील बहुतेक द्रव्य सारखे पालटत असते, तरी बालपणीची खूण साठीत सापडते. कारण ते कणाकणाने पालटते.

यावर कोणी म्हणेल, दुसऱ्या जातीचा शिंपला तरी कोठे जिवंत आहे? नाहीच. मी त्यास जिवंत म्हणत नाही. जिवंत असणे, खरी साक्ष असणे व नुसते साम्य असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पैकी पहिली गेल्यावर निदान दुसरी राखावी, तिसरीवर समाधान मानू नये, एवढेच माझे म्हणणे. तसेच उपलही कायमचा नव्हे. फार मोठ्या काळात त्याच्यातील पाणी जाते, सिलिकेचे अणू हळूहळू रांगा धरू लागतात, व शेवटी त्याची गारगोटीच्या जातीची वस्तू होते.

दगडावरून माणसांकडे येताना उपमेच्या मोहाने वाहवत जाण्याचे भय असते, हे मला ठाऊक आहे. तरी महाडपुरते एक उदाहरण असे आहे की ते टाळता येत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस मोकळे असल्याचा ठराव केला. ठराव झाला; पाणी मात्र कोणास भरता आले नाही. म्हणजे आकार पुरा होता आणि आत पोकळी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर चालत गेले, पाणी प्याले, आणि ती पोकळी भरली. मागाहून सनातनी मंडळींनी पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात चालले व १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

त्या शुद्धीचा विचार करा. तळ्याचे पाणी दर पावसाळ्यात येते, उन्हाळ्यात आटते. जे पाणी 'बाटले' ते थोड्याच महिन्यांत ढगात गेले असणार. द्रव्याच्या शुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढाही विचार केला नाही, कारण त्यांस द्रव्याची चिंता नव्हतीच. प्रायश्चित्ताच्या विधीचा बाह्य आकार मंत्रासकट हुबेहूब होता. परंतु प्रायश्चित्त म्हणजे मुळात आपल्या हातून घडलेल्या पापाबद्दल स्वतःस केलेले शासन. येथे पाप दुसऱ्याच्या तहानेस चिकटविले होते! ज्या पोकळीतून पश्चात्ताप केव्हाच विरघळून गेला, तिच्यात गाळाने अहंकार ओतला, आणि वरचे कंगोरे जसेच्या तसे राहिले. असले शिंपले आपल्या देव्हाऱ्यांत व लग्नमंडपांत किती आहेत, हे प्रत्येक कुटुंबाने आपापले फोडून पाहावे. मात्र माझ्या सिद्धांतास येथे एक अडचण येते, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. नगरपालिकेचा ठराव हीही पोकळीच होती, आणि ती भरली गेली हे इष्टच झाले. तेव्हा पोकळी भरणे सर्वत्र वाईट, असे म्हणता येत नाही. जेथे मुळात जिवंत काही नव्हतेच तेथे रिकामा आकार हे केवळ एक वचन असते, आणि वचन भरूनच खरे व्हावयाचे असते. माझा आक्षेप आहे तो जेथे जिवंत वस्तू होती, ती जाऊ दिली, आणि नंतर तिच्या आकाराने समाधान मानले, त्यास.

हीच गोष्ट या दोन तालुक्यांत आज उभी आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षास ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसाने कातळातील सिलिका युगानुयुगे धुऊन नेली. लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, त्यांचा जांभा झाला. सुटलेली सिलिका सावित्रीच्या पाण्यातून पोलादपुरावरून, महाडावरून बाणकोटच्या खाडीस जाते. तिथल्या पाण्यात डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती तीच सिलिका उचलून आपली कवचे बांधतात, आणि शास्त्रज्ञ सांगतात की ती कवचे उपलाचीच असतात. म्हणजे आमच्या खाडीत जिवंत जीव प्रत्यक्ष उपलात राहत आहेत! परंतु ज्या झिजेतून सिलिका सुटते तीच झीज डोंगराच्या अंगाची माती करते. कातळावर बसलेली ती माती अतिवृष्टीत पाण्याने जड होते व एका रात्रीत खाली येते. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे ती आली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावात आली आणि ऐंशीहून अधिक माणसे घेऊन गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही आली. जिल्ह्यात दुसऱ्या टोकास, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री तोच प्रसंग गुदरला.

दरड कोसळल्यावर वाचलेल्यांसाठी नवे गाव वसवावे लागते. ते वसविणे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्यात हयगय होता कामा नये, हे निराळे सांगावयास नको. पण गाव गेल्यानंतर वसविलेले गाव म्हणजे पोकळीत ओतलेला उपल. नाव तेच, घरांची गणती कागदावर जुळलेली, भिंती पूर्वीपेक्षा कदाचित पक्क्या. आतली वीण मात्र कोणी सांगावयाची? कोणाचे अंगण कोणाच्या पडवीस लागून होते, पालखी सहाणेवर बसण्याआधी कोणाच्या दारी थांबे, कोणत्या दोन घरांत तीन पिढ्यांचा अबोला होता आणि तरी एकाच खळ्यात मळणी चाले. हे ज्यांस ठाऊक होते त्यांतले पुष्कळ मातीखाली गेले. उरलेल्यांस सारे आठवत नाही, आणि जे आठवते ते सांगण्याची त्यांना उसंत नसते. नकाशा काढणाऱ्यास बाहेरचा आकार तेवढा कळतो. यात त्याचा दोष नाही. गाळासही तेवढाच कळतो.

म्हणून खरा प्रश्न आहे तो अद्याप उभ्या असलेल्या वाड्यांचा. दरडीचा धोका ज्यांस आहे अशा कित्येक वाड्या या डोंगरउतारांवर आहेत, आणि 'तुम्ही हला' असे त्यांस पावसाळ्यापूर्वी सांगण्यात येते. माणसे हलत नाहीत. शहरातील आपण सुशिक्षित लोक त्यास अज्ञान किंवा हट्ट म्हणतो. माझ्या मते त्यांस आपल्यापेक्षा एक गोष्ट अधिक नीट कळते, की ज्यास आपण गाव म्हणतो ते घरांत नसून घरांच्या मधल्या वीणीत असते, आणि उचलून नेताना ती तुटेल. त्यांचे भय खरे आहे. दरडीचे भय तितकेच खरे. या दोन भयांत निवड करण्याची पाळी त्यांच्यावर येते ती एवढ्याचसाठी, की हलविण्याचे काम आपण नेहमी एका दिवसाचे समजतो. ट्रक आला, सामान भरले, चाव्या दिल्या.

गाव उभे असताना, माणसे जिवंत असताना, ते दहा वर्षांत कणाकणाने का हलू नये? पहिल्या वर्षी खाली सुरक्षित जागी पाणवठा व देवाची सहाण. आणि सहाण कोठे असावी ते वाडीतील म्हाताऱ्यांनी ठरवावे. मग ज्यांस नवे घर बांधावयाचेच आहे त्या नव्या जोडप्यांची घरे, आपापल्या भावकीच्या शेजारी. पावसाळ्याचे चार महिने सगळ्यांनी खाली उतरावे, भाताची खाचरे वरचीच कसावीत, सुगी झाली की हवे त्याने वर जावे. शाळा हलली की मुले खालच्या वाटेस लागतील. असे करता करता वरची घरे एकेक करून रिकामी होतील, परंतु शेवटचे घर खाली येईल तोवर पहिल्या घरास खाली येऊन पुष्कळ दिवस झालेले असतील, आणि येणारास शेजार ओळखीचा मिळेल. यास पैसा लागतो, जमीन लागते, आणि मुख्य म्हणजे दर पाच वर्षांनी बदलणाऱ्या अधिकाराऱ्यांत व पुढाऱ्यांत न दिसणारी चिकाटी लागते. दहा वर्षे हा काळ फार लांब आहे आणि एखाद्या कड्यास तेवढी सवड नसेल, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. ज्या वाडीच्या वर भेगा पडल्या असतील तेथे उद्याच हलविले पाहिजे, वीण तुटली तरी चालेल. माणूस गाडला जाण्यापेक्षा केव्हाही बरे. पण सगळ्या वाड्यांची ती स्थिती नाही. ज्यांस अजून दहा पावसाळ्यांची सवड आहे त्या कोणत्या, हे भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगावे, आणि त्या वाड्यांत जाऊन, कोण कोणाच्या शेजारी राहतो हे विचारण्याचे काम यंदाच्या सुगीनंतर लगेच सुरू व्हावे.